अस्तर

पिठाच्या डब्यामागे खोकं सापडलं.
चार पिशव्यांचं. तीन संपलेल्या.
आर्डिस, तू?

चर्चच्या तळघरात, कुणाच्याही मयतीनंतर,
लांब टेबलावर अकरा स्लो कुकर ओळीनं बसायचे.
एकदा सगळ्यांनी मिळून फ्यूज उडवला,
आणि लोर्ना टॉर्च धरून तुला म्हणाली,
"पिशवी घाल गं आत. उचलली, फेकली,
घासायचं नाव नको."
तू म्हणालीस, "जेवणाला रेनकोट कशाला?"
अख्खं तळघर अंधारात हसलं.
मी ते वाक्य पुढं वीस वर्षं वाटत फिरलो,
न्हाव्याकडे, धान्याच्या कोठारावर,
तुझ्या भावाच्या दुसऱ्या लग्नात.
आमची आर्डिस, म्हणायचो, भांडं हातानं घासते.

हातानं.
कसल्या हातानं, ते मी पाहिलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तू बरणी माझ्याकडे सरकवायचीस,
न बोलता, टेबलावरून,
आणि मी झाकण सैल करून परत सरकवायचो
पेपरातून डोकं वर न काढता.
तुझ्या शिवणयंत्रावर टपालाचा ढीग चढला.
गावातल्या निम्म्या कोटांना तुझी अस्तरं.
अस्तर बाहेरून दिसलं, म्हणायचीस,
तर शिवणारीचं चुकलं.

आज दोन पौंडांचा मांसाचा तुकडा आणला.
एकट्याला आठवडाभर.
खोक्यावरच्या सूचना वाचल्या,
चष्मा लावून, मग काढून.
चौथी पिशवी झटकली. कांद्याच्या सालीइतकी पातळ.
भांड्यात बसवली, काठावर उलटी दुमडली,
जशी तू बाही दुमडायचीस.
गाजरं, बटाटे, सूपचं पाकीट.
झाकण. मंद आच. आठ तास.

बाहेर उणे बावीस.
खिडकीला आतून घाम.
कुत्रा दर तासाला येऊन
झाकणाकडे बघून जात होता, डॉक्टरसारखा.

सहाव्या तासाला मला धीर निघेना.
शिजलं का बघायला काटा खुपसला,
जरा जोरात.
कळलंही नाही.
रस्सा गुपचूप खाली उतरला,
पिशवी आणि भांड्याच्या मधल्या जागेत,
आणि तिथे पुढचे दोन तास करपत बसला.

पिशवी उचलली तर धार लागली,
ओट्यावर, माझ्या मोज्यांवर,
उरलेली कुत्र्याच्या नशिबात.
बुडाशी काळं कडं.

जेवलो. बरं होतं.
मीठ कमी.

मग बाह्या सारून उभा राहिलो.
काय जड असतं गं ते भांडं!
आत पाणी असलं की एका हातानं तोलून धरायचं,
दुसऱ्यानं कोपऱ्यात शिरायचं,
पण त्याला कोपरा नाहीच,
नुसतं गोल गोल, आणि अंगठ्याच्या मुळाशी
काहीतरी तारेसारखं ताणत जातं.
माझा हात तर धडधाकट आहे.
चाळीस मिनिटं.

निथळायला उलटं केलं.
तळाला चिकटपट्टी, तुझ्या अक्षरातली,
तळघरात भांडी बदलू नयेत म्हणून
दर पानगळीला नवी लावायचीस.
हाल्वरसन.
ओळ उतरत गेलेली, पेन दोनदा सुटलेलं,
शेवटचं अक्षर पट्टीच्या बाहेर, भांड्यावरच.
त्या जागी मी घासलं नाही.

रात्री लोर्नाचा फोन.
म्हातारा एल्मर गेला, गुरुवारी जेवण,
तुला जमेल तेवढंच आण, व्हर्लिन.
म्हणालो, आणतो. भांडं भरून आणतो.
मग जरा थांबून विचारलं,
त्या पिशव्या, लोर्ना,
दुकानात कुठल्या रांगेत असतात?

पलीकडे ती इतका वेळ गप्प राहिली
की मला वाटलं, फोन कटला.
सातवी, म्हणाली. फॉइलच्या शेजारी.
पण तू कशाला जातोस एवढ्या बर्फात,
माझ्याकडे तिचं एक खोकं राहिलंय.